रेशीम विरघळवून काढलेला धागा वाळला की मोडतो

तुतीवाली: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जालन्याहून आणलेले कोष सोड्यात उकळले, लिथियम ब्रोमाइडमध्ये विरघळवले, डायलिसिस करून (बारीक छिद्रांच्या पडद्यातून) ते मीठ काढून टाकलं आणि सुईतून मिथेनॉलमध्ये धागा काढतेय. ओला असताना बोटाला गुंडाळता येतो. वाळला की चिमटीत धरताच शेवईसारखा मोडतो. एफटीआयआरमध्ये (अवरक्त किरणांच्या चाचणीत) बीटा-शीटचं, म्हणजे प्रथिनाच्या साखळ्या शेजारी शेजारी घट्ट रचल्याचं, शिखर १६२२ सेमी⁻¹ ला छान दिसतंय, मग ताकद का येत नाही? तीन आठवडे याच्याच मागे आहे.

रीळ: कोष किती वेळ उकळलेत?

तुतीवाली: एक तास. सेरिसिन, म्हणजे कोषातला डिंक, अजिबात राहू नये म्हणून.

रीळ: अर्धं नुकसान तिथेच झालं. फायब्रोइनची, म्हणजे धाग्याच्या मूळ प्रथिनाची, मोठी साखळी सुमारे ३९० किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) एवढी असते आणि उकळत्या सोड्यात ती तुटत जाते. तुकडे आखूड झाले की बीटा-शीटच्या एका स्फटिकापासून दुसऱ्यापर्यंत पोचणारं काही उरत नाही, मग ताण पेलणार कोण? मी ५ ग्रॅम कोषांना २ लिटर पाणी आणि ४.२४ ग्रॅम सोडियम कार्बोनेट घेते, अर्ध्या तासाच्या वर एक मिनिट नाही.

दुसरं, ते शिखर बीटा-शीट आहेत एवढंच सांगतं, त्या कुठल्या दिशेला आहेत ते नाही. मिथेनॉल पाणी खेचून घेतं आणि साखळ्या असतील तशा वेड्यावाकड्या गोठतात. अळी मात्र डोकं आठच्या आकड्यात फिरवत धागा ओढते. शाओ आणि व्होलरॅथ या संशोधकांनी २००२ मध्ये अळीकडून धागा जास्त वेगाने ओढून घेतला, तर तो जास्त मजबूत आणि कमी ताणला जाणारा निघाला. अळी तीच, फक्त ओढ वेगळी! मला ही गोष्ट आजही विलक्षण वाटते.

तेव्हा धागा मिथेनॉलमध्ये रात्रभर ठेवू नका. निघाल्या निघाल्या, ओला असतानाच हळूहळू दुप्पट-तिप्पट ताणा आणि दोन्ही टोकं चौकटीला चिकटवून वाळवा, म्हणजे आखडणार नाही.

तुतीवाली: ताई, अर्धा तास उकळून बघितलं. ताणून वाळवलेल्या धाग्याला आज गाठ मारता आली! पण द्रावण आता घट्ट झालंय आणि सुईच्या तोंडाशी जेल होऊन अडकतंय.

रीळ: साखळ्या लांब राहिल्या की द्रावण घट्ट होणारच. बाटली हलवू नका, घुसळलं की जेल लवकर होतं. फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा, थोडी रुंद सुई घ्या आणि दट्ट्या सावकाश दाबा.