'डेथ मॅग्नेटिक': गाणी वाईट की आवाज वाईट?

रिफवेडा
"मेटॅलिका 1991 लाच संपली. 'डेथ मॅग्नेटिक' म्हणजे स्वतःच्याच तरुणपणाची नक्कल आणि वर सव्वा तास नुसती घरघर." मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडच्या 2008 च्या अल्बमबद्दल हे कुणीतरी लिहिलं आणि खाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागली. दोन ओळींत उत्तर मावत नाही, म्हणून वेगळा धागा.

गाणी आणि आवाज या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आवाजाची तक्रार मला मान्य आहे. पण ती गाण्यांच्या माथी का मारायची?

त्यांच्याच 2003 च्या 'सेंट अँगर' अल्बममध्ये एकही सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) नाही, गिटार बहुतेक ड्रॉप सीमध्ये (सर्वांत जाड तार ईवरून सीपर्यंत उतरवलेली), आणि स्नेअर ड्रमच्या तारा सोडलेल्या, त्यामुळे ठोक्यामागे नुसता टणत्कार. 2008 मध्ये निर्माता रिक रुबिनच्या हाताखाली बहुतेक गाणी पुन्हा ई ट्यूनिंगवर आली आणि सोलो परतले. सहावी तार ईमध्ये ताणलेली असते, त्यामुळे वेगात डाउनपिकिंग (फक्त खालच्या दिशेने फटके) केलं तरी प्रत्येक फटका सुटा ऐकू येतो. तीच तार चार अर्धस्वरांनी उतरवली की पाम म्यूटमध्ये (तळहात तारेवर टेकवून वाजवताना) नोटा एकमेकींत चिकटतात. या अल्बममधल्या 'ऑल नाइटमेअर लाँग'चे रिफ (पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे) 'सेंट अँगर'च्या ढिल्या तारांवर उभेच राहिले नसते.

पितळीझांज
तार ढिली पडते तेव्हा जाड गेजची (जाडीची) तार लावतात. ट्यूनिंगवरून अल्बमची बाजू मांडता येत नाही.

माझी तक्रार रचनेची आहे. 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या (1986 चा अल्बम) काळात असल्यासारखा विचार करा, असं रुबिनने बँडला सांगितलं होतं. त्यांनी विचार नाही, साचा उचलला. चौथं गाणं बघा: 'फेड टू ब्लॅक', 'वेलकम होम (सॅनिटेरियम)', 'वन', ही तिन्ही आपापल्या अल्बमवर चौथी. हळू सुरुवात, स्वच्छ गिटार, शेवटी वेग. 'द डे दॅट नेव्हर कम्स' कुठे? चौथ्या जागी, त्याच क्रमाने. गायन नसलेली गाणी बघा: 'ओरायन' शेवटून दुसरं, 'टू लिव्ह इज टू डाय' शेवटून दुसरं, आणि 'सुइसाइड अँड रिडेम्प्शन'ही शेवटून दुसरं. हा योगायोग नव्हे.

शिवाय 'मास्टर'ची आठ गाणी 55 मिनिटांत संपतात. इथे दहा गाण्यांना 75 मिनिटं लागतात. सुटे रिफ चांगले आहेत, पण त्यांची जोड उघडी पडते. एक रिफ चार वेळा, मग थांबा, मग दुसरा रिफ चार वेळा. 'वन'मध्ये दोन बास ड्रमचा तो ठोका यायच्या आधी गाणं हळूहळू आवळत जातं. 'द डे'मध्ये दुसरा भाग नुसता चिकटवलाय.

रिफवेडा
जागा तीच म्हणून गाणं निकामी? मग 'सॅनिटेरियम'लाही 'फेड टू ब्लॅक'ची नक्कल म्हणा, कारण साचा तिथेच सुरू झाला. 'द डे'च्या उत्तरार्धात दोन गिटार मिळून जी हार्मनी वाजवतात ती 1988 नंतर या बँडने इतका वेळ धरून ठेवलेली नव्हती. 'सुइसाइड' दहा मिनिटांऐवजी सात मिनिटांत आटोपायला हवं होतं, एवढंच मान्य करतो. त्यापुढे एक इंचही नाही.

चौथीतार
तुम्ही दोघे गिटारवरच भांडा. बासचं कुणी नावही काढत नाही, आणि ही या बँडची जुनी खोड आहे. 1988 च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये तेव्हाच्या बासवादक जेसन न्यूस्टेडचा बास मिक्समध्ये (सगळी वाद्यं एकत्र जुळवताना) इतका खाली दाबला की नसल्यात जमा. नंतरचा बासवादक रॉबर्ट ट्रुहियोचा मेटॅलिकासोबतचा हा पहिला स्टुडिओ अल्बम. माणूस बोटांनी वाजवतो, त्याच्या प्रत्येक नोटेला टोक असतं. ते टोक इथे कुठे गेलं?

कारण सांगतो. बासची खालची ई 41 हर्ट्झ, गिटारची 82. बासचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट वारंवारतेचा उपसूर) नेमका गिटारच्या ईवर येऊन बसतो. दोघं एकच रिफ वाजवत असतील तर खालच्या पट्ट्यात वेगळं ऐकू येणं कठीणच. कान बास ओळखतो तो 700 हर्ट्झच्या वर, बोट तारेवर घासतं त्या आवाजावरून. इथे त्याच पट्ट्यात क्लिपिंगची (लाटेची टोकं छाटली गेल्याची) खरखर भरली आहे. म्हणजे 'जस्टिस'मध्ये बास फेडरने (पातळी कमी-जास्त करणाऱ्या पट्टीने) मारला, इथे लिमिटरने (टोकं दाबून सगळं जोरात करणाऱ्या साधनाने).

कानसेन
शेवटी कुणीतरी लिमिटरपाशी आलं.

सीडीचा डीआर (डायनॅमिक रेंज, आवाजातल्या चढउताराचं माप) 3 च्या घरात येतो. 'मास्टर'ची मूळ सीडी दहाच्या वर. मेटलमध्ये डावी-उजवीकडे दुहेरी ऱ्हिदम गिटार सतत एकाच पातळीवर चालतात, त्यामुळे चढउतार मुळात कमी. वर डोकं काढतात ते फक्त स्नेअर आणि किक (बास ड्रम). सगळं जोरात करायचं तर तीच डोकी छाटावी लागतात. छाटलेल्या टोकांतून विषम हार्मोनिक तयार होतात, आणि तीच ती घरघर. 'द डे'चा शेवट हेडफोनवर ऐका, प्रत्येक स्नेअरबरोबर तडतड येते.

मास्टरिंगला (मिक्सनंतरच्या शेवटच्या टप्प्याला) शिव्या देणाऱ्यांसाठी: ते करणाऱ्या टेड जेन्सनने तेव्हाच सांगितलं होतं की मिक्स त्याच्याकडे आले तेच चेपलेले. घाव मिक्समध्ये पडलेला आहे. पुरावा 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेमचा, त्यातही हा अल्बम होता. गेमला प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक लागतो, म्हणून तिथे शेवटचा लिमिटर बसण्याआधीचा आवाज गेला. तीच वाजवणी, पण स्नेअर श्वास घेतो. हजारो चाहत्यांनी अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून याचिका केली ती उगाच नाही.

तबकडी
एवढा त्रास असेल तर एलपी घ्या. एलपीवरून उतरवलेल्या फाइलचा डीआर सीडीपेक्षा बराच वर येतो. मीटर खोटं बोलत नाही.

कानसेन
मीटर खोटं बोलत नाही, ते चुकीच्या ठिकाणी लावलंय. डीआर काढताना वरचं टोक आणि सर्वांत मोठ्या आवाजाच्या 20 टक्के भागाची सरासरी पातळी यांतलं अंतर मोजतात. तबकडी कापताना आणि सुईने वाचताना फेज (लाटेतल्या वेगवेगळ्या सुरांची एकमेकांशी असलेली वेळ) सरकतो. फेज सरकला की सपाट छाटलेली लाट तिरपी होते आणि तिला नवी टोकं फुटतात. अंतर वाढतं, आकडा फुगतो. स्नेअर परत आलेला नसतो. एकाच मास्टरची (अंतिम ध्वनिमुद्रणाची) सीडी आणि एलपी मोजली तरी एलपीचा आकडा जास्त येतो.

तबकडी
म्हणजे एलपीवर ऐकणारे सगळे बहिरे? आकडेमोड करणाऱ्यांना संगीत कधी ऐकू येतं का?

कानसेन
बहिरं कुणालाच म्हटलं नाही. एलपी तुम्हाला गोड लागत असेल तर जरूर ऐका, सुई वरची तीक्ष्ण धार थोडी बोथट करते म्हणून ती खरोखर सुसह्य वाटू शकते. पण "डायनॅमिक रेंज जास्त" हा दावा चूक आहे आणि तो वाचून लोक पैसे घालवतात.

स्वतः तपासायचं असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्राममध्ये गाणं उघडा, क्लिपिंग दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि एका स्नेअरवर झूम करा. छाटलेला भाग लाल होतो, लाटेचं डोकं सपाट दिसतं. 'क्लिप फिक्स' (छाटलेली टोकं जुळवणारा त्यातला पर्याय) लावून पाहायचं तर पातळी 9 डीबीने खाली येऊ द्या, नाहीतर जुळवलेल्या टोकांना वर जागाच उरत नाही. पण इथे फार आशा नको. टोकं एकदा मिक्समध्ये छाटली गेली आणि नंतर पातळी बदलली, तर सपाट भाग कमाल पातळीच्या खालीही सापडतात आणि ठरावीक उंबरठा शोधणारं साधन त्यांना ओलांडून जातं. उंबरठा खाली आणलात तर गिटारच्या चांगल्या लाटाही बिघडतात.

चौथीतार
आणि गेमवरून काढलेल्या फाइल? त्यात बास मला तरी स्पष्ट वाटतो.

कानसेन
बास स्पष्ट आहे, पण वाद्यांचा समतोल गेमसाठी बसवलेला आहे, अल्बमसाठी नाही. गायन आणि गिटार यांचं प्रमाण अधिकृत मिक्सशी जुळत नाही. घरघर नसलेली आवृत्ती म्हणून ती उत्तम. बँडला अभिप्रेत असलेला मिक्स म्हणून ती पुढे करू नका.

पितळीझांज
हे सगळं ऐकून अल्बम चांगला ठरला का? गेमच्या फाइलमध्येही 'सुइसाइड' दहा मिनिटांचंच आहे. 'द अनफरगिव्हन III'ला पहिल्या दोन भागांचं नाव चिकटवलंय ते तिथेही तसंच आहे.

रिफवेडा
लांबी तीच आहे, पण ज्याला तुम्ही जोडकाम म्हणता त्यातला बराच भाग लिमिटरचा आहे. रिफ बदलताना ड्रमचा जोर वाढतो, त्यावर कानाला वळण कळतं. इथे शांत भाग आणि जोरकस भाग जवळपास एकाच पातळीवर आणून ठेवलेत. 'द डे'मध्ये गाणं आवळत नाही असं तुम्ही म्हणता. आवळायला जागा ठेवली कुठे? गेमच्या आवृत्तीत तोच उत्तरार्ध ऐका, दोन्ही फाइल आधी सारख्या लाउडनेसला आणून. रिप्लेगेन (फाइलींची पातळी आपोआप सारखी करणारी सोय) चालेल. नाहीतर जास्त मोठ्या आवाजाची फाइल नेहमी चांगली वाटते.

पितळीझांज
सारख्या पातळीला आणून ऐकलं. 'द डे'चा दुसरा भाग चिकटवल्यासारखा वाटत नाही, हे नाइलाजाने लिहितो. साचा उचलल्याचा आरोप तसाच आहे, आणि 'द जुडास किस'मधून दोन मिनिटं कापायला हवीत.

रिफवेडा
'द जुडास किस'मधून एक सेकंदही नाही. सोलोच्या आधीचा तो ब्रेक कापणार का?

पितळीझांज
तोच.