‘सस्टेनेबल थ्रूपुट’ला काय म्हणायचं? ‘शाश्वत वेग’ नको वाटतंय

ऐरोलीकर:
मंडळी एक शब्द हवाय. इंटरनेटच्या लाइन टेस्टिंगचा फॉर्म मराठीत करतोय, फील्डवरची पोरं सगळी रबाळे-घणसोलीची, इंग्रजी फॉर्म दिला की कुठलाही आकडा कुठल्याही रकान्यात. अडलंय ‘सस्टेनेबल थ्रूपुट’वर, म्हणजे लाइनवरून सेकंदाला किती डेटा सतत पोचत राहतो ते. ‘शाश्वत वेग’ लिहिलं तर शेजारचा विचारतो, सोलर पॅनल बसवतोयस का.

कोपरीवाला:
स्पीड लिहा की सरळ. आणि माझी १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट) लाइन, केबल लावून टेस्ट केली तरी ९४ च्या वर जात नाही, वरचे ६ कोण खातं ते सांगा आधी.

नौपाडाकर:
कोणी खात नाही हो. इथरनेटच्या तारेवर एका पूर्ण पॅकेटमागे १५३८ बाइटची जागा जाते, त्यात तुमचा माल जास्तीत जास्त १४६०, बाकी सगळं पाकीट, पत्ता आणि दोन पाकिटांमधली फट. १०० ही तारेची क्षमता, ९४ हा थ्रूपुट, आणि म्हणूनच ‘वेग’ शब्द मला पटत नाही, प्लॅन ५० चा घ्या नाहीतर ५०० चा, फायबरमधून प्रकाश तेवढ्याच वेगाने जातो, बदलतं ते सेकंदाला किती माल पोचला ते.

वाशीकर:
मग ‘धार’ म्हणा, नळाची असते तशी.

नौपाडाकर:
धार छान आहे पण क्षणाची आहे. पाणी आलं की पहिली पाच मिनिटं बघा, नंतर सगळ्या मजल्यांचे नळ उघडले की करंगळी. आणि स्पीड टेस्टवाले बऱ्याचदा चार-सहा कनेक्शनं एकदम लावून थोडाच वेळ मोजतात. याउलट जुलै २००१ च्या आरएफसी ३१४८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मॅथिस आणि ऑलमन यांनी ‘बल्क ट्रान्सफर कपॅसिटी’ मांडलीय ती अशी, की गर्दी दिसली की स्वतःच हात आखडता घेणारं एकच कनेक्शन लांब पल्ल्यावर सरासरी किती डेटा नेतं. हेडर, म्हणजे ते पाकीट-पत्ता, धरायचे नाहीत, हरवलं म्हणून परत पाठवलेलं दोनदा मोजायचं नाही.

वाशीकर:
हे तर विहिरीचं गणित झालं! गावाकडे पाणी किती ते फुटात कोण सांगतं, मोटर किती तास चालते ते सांगतात. साताऱ्याजवळ लिंबला बारामोटेची विहीर आहे, नावात खोली नाहीच, एका वेळी किती मोटा चालायच्या ते आहे. आणि मोट तर टीसीपीला, म्हणजे पोचल्याची पावती घेत डेटा पाठवायच्या पद्धतीला, चपखल बसते, मोटेत मावतं किती ती विंडो, म्हणजे पावती येईपर्यंत एका दमात पाठवता येणारा डेटा, आणि बैलांची एक खेप म्हणजे राउंड ट्रिप, जाऊन परत यायचा वेळ. जुन्या ६४ केबीच्या विंडोने अमेरिकेचा सर्व्हर गाठायचा, खेपेला २०० मिलिसेकंद धरा, तर लाइन १०० ची असो की हजारची, २.६ एमबीपीएसच्या वर पाणी येणार नाही. विहीर भरलेली, मोट लहान. म्हणून माझं मत ‘उपसा’, ‘टिकाऊ उपसा’.

कोपरीवाला:
ठाण्यात उपसा म्हटलं की खाडीतली रेती आठवते, आणि ती टिकाऊ नव्हती 😄

नौपाडाकर:
शिवाय उपसलं की साठा कमी होतो, लाइनचं तसं नसतं. मोट समजवायला एक नंबर, फॉर्मवर नको. थ्रूपुट पोरांच्या तोंडी आहेच, तो ठेवा, फक्त सस्टेनेबलला ‘सलग’ लावा.

ऐरोलीकर:
‘सलग थ्रूपुट’, चालेल. खाली बारीक अक्षरात लिहितो, एका कनेक्शनवर पलीकडे खरंच पोचलेला डेटा भागिले लागलेला वेळ. ‘टिकाऊ’ नकोच, पोरांना केबल टिकाऊ वाटेल.

कोपरीवाला:
आत्ता रात्री १० ला ३१ येतंय. हे सलग का?

नौपाडाकर:
किती वेळ चालवलीत?

कोपरीवाला:
दहा सेकंद. वायफायवर.

नौपाडाकर:
केबल लावा, एकच कनेक्शन ठेवा, दहा मिनिटं चालू द्या. आणि घरात कोणी मॅच बघत असेल तर ती आधी बंद करा.

कोपरीवाला:
मॅच बंद करायला सांगून बघतो, मग कळवतो.