पिनबॉल उचलायच्या जुन्या लिफ्ट गाडीचा शॉक गेलाय, कोकणात कोण दुरुस्त करेल?

सुपारीवाडी
नमस्कार मंडळी. गुहागरला आमचा छोटा होमस्टे आहे, पडवीत एक जुनं पिनबॉल मशीन आहे, बॅली कंपनीचं, सत्तरच्या दशकातलं, मुंबईच्या नातेवाईकांनी जागा नाही म्हणून आमच्या गळ्यात मारलेलं. गिऱ्हाइकांची पोरं त्याच्यावर तुटून पडतात, त्यामुळे टाकवत पण नाही. पावसाळ्यात पडवीत झड येते म्हणून ते माजघरात न्यावं लागतं आणि मधे दोन पायऱ्या आहेत. त्यासाठी चिपळूणच्या एका गॅरेजमधून पायाने पंप मारायची कात्रीवाली लिफ्ट गाडी जुनी घेतली, ३०० किलोची. आता ती वर चढते पण मशीन ठेवलं की हळूहळू खाली बसते. खालच्या शॉकच्या दांड्याला तेलाचा ओशटपणा आहे आणि गंजाचे बारीक ठिपके पण दिसतायत. चिपळूण, दापोली, रत्नागिरी कुठेही चालेल, माणूस सुचवा. बजेट ३००० च्या आत. नवीन घ्या म्हणू नका प्लीज.

मालवणी_तडको
नवीनच घेवा हो. माझ्याकडे ५०० किलोची आसा, आंब्याचे क्रेट चढवूक घेतललंय, अजून तेलाक हात लावूक लागलो नाय. पैसे जातत पण डोक्याक ताप नाय.

सुपारीवाडी
पहिलाच रिप्लाय नवीन घ्या. धन्यवाद दादा.

खेर्डीचा_फिटर
शॉक म्हणताय पण पायाने पंप मारायची गाडी असेल तर तो हायड्रॉलिक सिलेंडर आहे. गाडीच्या डिकीला असतो तो गॅसवाला, त्यात नायट्रोजन दाबून भरलेला असतो, तो कधी उघडायचा नाही, अंगावर न्यूटनचा आकडा छापलेला असतो तेवढ्याच ताकदीचा आणि तेवढ्याच लांबीचा नवा आणून लावायचा. तुमचा उघडून सील (तेल अडवणारी रिंग) बदलता येतो. आधी एक करा, दांडा स्वच्छ पुसा, वजन ठेवा आणि थांबा. दांडा ओला झाला तर वरचा सील गेला. दांडा कोरडा राहून गाडी बसली तर तेल आतल्या आत टाकीत परत जातंय, म्हणजे रिलीज वॉल्वच्या (गाडी खाली घ्यायला तेल सोडतो तो) बसायच्या जागी कचरा किंवा नॉनरिटर्न वॉल्वचा (तेल परत जाऊ न देणारा) छर्रा नीट बसत नाही. आणि गाडी वर असताना कात्रीत हात घालायचा नाही, आधी जाड लाकडी ठोकळा लावायचा, हे सांगून पण लोक घालतात.

दर्यावर्दी_मिरकरवाडा
सील बदला, दुसरं काही नाही. आमच्या बोटीच्या दोर ओढायच्या विंचला हेच होतं, खारा वारा दांडा खातोच. आमचा माणूस जेट्टीवर उभ्या उभ्या करून देतो, पण सध्या सगळ्या बोटी ओढायची घाई आहे, तो तुमच्या खेळण्याकडे बघणार पण नाही. तेल मात्र चांगलं घाला. मागे एका मेकॅनिकने आमच्या जॅकमध्ये ब्रेक ऑइल घातलं, सगळे सील फुगून बसले, दांडा आत पण जाईना नि बाहेर पण येईना.

नाना_आंजर्ले
ब्रेक ऑइल कोण घालतं? इंजिन ऑइल घालायचं, २० डब्ल्यू ४०. मी कायम तेच घालतो, काही होत नाही.

खेर्डीचा_फिटर
नाना, इंजिन ऑइलवर चालेल पण थंडीत जड पडतं. हायड्रॉलिकचं ४६ नाहीतर ६८ नंबरचं साधं तेल कुठेही मिळतं, ते का नको?

नाना_आंजर्ले
कोकणात थंडी कुठे पडते ते दाखव मला.

दर्यावर्दी_मिरकरवाडा
दापोलीला पडते की काका, मिनी महाबळेश्वर म्हणून मिरवता आणि थंडी नाही?

नाना_आंजर्ले
दापोली वर डोंगरावर, मी खाली समुद्राला. तुमच्या रत्नागिरीकरांना दापोली कुठे आहे तेच माहीत नसतं.

चाकरमानी_डोंबिवली
विषय कुठे गेला. सुपारीवाडी, सील लोकल घेऊ नका, मुंबईत नागदेवीला जा, मस्जिद बंदर स्टेशनला उतरून चालत, तिथे सीलची दुकानंच दुकानं आहेत. जुना सील काढून सोबत न्या, तुटला असेल तर दांड्याचा व्यास, खाचेचा व्यास आणि खाचेची उंची असे तीन आकडे व्हर्नियरने मोजून न्या, म्हणजे दुकानदार डब्यातून काढून हातात देतो. मी चेन ब्लॉकचा (साखळीने वजन उचलतात तो) सुटा पार्ट तिथूनच आणला. फक्त गावाहून हायवेने येऊ नका, आमचा तो रस्ता पूर्ण होईल तेव्हा नातवंडं म्हातारी झालेली असतील. रेल्वेने या.

मालवणी_तडको
एका सीलासाठी मुंबई? तेवढ्या भाड्यात नवीन गाडीचो हप्तो जाता.

पिनबॉलवेडा
मशीनबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून बोलतो. सत्तरच्या दशकातलं असेल तर त्याचं डोकं (मागची उभी काचेची पेटी) घडी होत नाही, ती सोय नंतरच्या मशीनना आली. तुमच्याकडे डोक्याचे बोल्ट आतून काढायचे, वायरींचे जाड प्लग काढायचे, प्रत्येक प्लगला खूण करा, आणि डोकं वेगळं न्यायचं. आख्खं मशीन शंभर किलोच्या वर भरतं, डोकं काढलं की बरंच हलकं होतं. चेंडू आधी बाहेर काढा नाहीतर आत फिरून प्लेफील्डवरचं (चेंडू फिरतो ती फळी) प्लास्टिक फोडतो. टिल्टचा लंबक (मशीन हलवलं की खेळ थांबवतो तो) पण काढून पिशवीत घाला. बाय द वे न्यूयॉर्कमध्ये १९४२ ते १९७६ पिनबॉलवर बंदी होती, जुगार समजायचे.

दर्यावर्दी_मिरकरवाडा
बंदी आमच्याकडे पण हवी, पोरं दिवसभर मोबाइलवर.

पिनबॉलवेडा
पिनबॉल मोबाइल नाहीये!! त्यात खरे रिले आणि कॉइल असतात. सुपारीवाडी, प्लेफील्डचा फोटो टाका ना, कुठलं मॉडेल आहे?

बागायतदार_हर्णै
आमच्या पॅलेट ट्रकला सेम झालं होतं. हँडलपासून रिलीज वॉल्वपर्यंत जी वायर जाते ती ताणलेली होती त्यामुळे वॉल्व पूर्ण बंदच होत नव्हता. नट थोडा सैल केला, वायरला जरासा ढिलेपणा ठेवला, बसायचं थांबलं. फुकटात होईल, आधी ते बघा.

रत्नाग्री_फास्ट
वरचे सगळे रिप्लाय वाचले नाहीत पण माझ्या मते सील गेलाय, सील बदला. बोटीवाल्यांकडे विचारा.

खेर्डीचा_फिटर
अजून एक. चिपळूणची जुनी गाडी म्हणताय, २०२१ च्या जुलैतल्या पुरात बुडालेली नाही ना? तेलाचं बूच उघडून बघा, तेल दुधासारखं पांढुरकं असेल तर पाणी गेलंय, सगळं काढून धुवून नवीन भरावं लागेल. नवीन भरल्यावर हवा काढायची, रिलीज उघडा ठेवून वजन न ठेवता पंप मारत राहायचा, मग बंद करून वर घ्यायची.

गोवळकोटकर
चिपळूणचं नाव निघालं की पूर. आमच्याकडच्या सगळ्या वस्तू बुडालेल्या नाहीत हो.

खेर्डीचा_फिटर
मी पण चिपळूणचाच आहे, माझं लेथ मशीन बुडालं होतं. म्हणूनच विचारतोय.

सुपारीवाडी
अपडेट. दांडा पुसून मशीन ठेवलं, ओला झाला, अगदी ओघळ आला. तेल पण पांढुरकं आहे. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणे माझ्याकडे होती तेव्हा चांगली होती. ठिपक्यांना नखाने चाचपलं तर दोनतीन ठिकाणी नख अडकतं. पॉलिश पेपर मारून चालेल का?

खेर्डीचा_फिटर
नख अडकतंय म्हणजे खड्डे आहेत, पेपरने जाणार नाहीत. वर आलेला गंज बारीक पेपरने तेल लावून गोल फिरवत काढा, उभं घासू नका, उभ्या ओरखड्यातून तेल सरळ बाहेर येतं. पण खड्डे तसेच ठेवून नवीन सील घातला तर तो खड्डा सीलला कापतच राहणार. खड्डे नेमके सीलच्या खाली फिरणाऱ्या भागात असतील तर दांडा घासून हार्ड क्रोम (वर क्रोमचा कडक थर) करून घ्यावा लागेल, किंवा क्रोमचा तयार रॉड आणून लेथवर नवीन करायचा. कोल्हापूरला उद्यमनगरात करून मिळेल, इथे मी पाठवून देऊ शकतो. पण ३००० मध्ये बसेलच असं सांगत नाही. नुसता सील बदलायचा तर पाचशे-सातशेत काम होईल आणि एक सीझन काढेल.

चाकरमानी_डोंबिवली
कोल्हापूरपेक्षा नागदेवी बरं.

नाना_आंजर्ले
सध्या इंजिन ऑइल घाला, जाड असतं, गळती कमी होते.

मालवणी_तडको
३००० च्यो ५००० होतले, मगे म्हणशात नवीन घेतलंलं बरां.

सुपारीवाडी
सगळ्यांचे आभार, पण मी वेगळंच ठरवलं. पिनबॉलवेडा म्हणतात तसं डोकं वेगळं काढणार. चाकरमानी दादांनी चेन ब्लॉक म्हटलं तेव्हा आठवलं, मामेभावाकडे अर्ध्या टनाचा पडून आहे. पडवीची तुळई सागाची आहे, तिला दणकट पट्टा बांधून मशीन पायऱ्यांच्या वर उचलणार, आणि गाडी फक्त खालच्या उंचीला ठेवून नुसती ढकलायला वापरणार. खर्च शून्य.

दर्यावर्दी_मिरकरवाडा
तुळईला वाळवी आहे का बघा आधी. जुन्या घराचं काही सांगता येत नाही.

रत्नाग्री_फास्ट
मी पण चेन ब्लॉकच सुचवणार होतो.

पिनबॉलवेडा
पट्टा मशीनच्या पोटाखालून दोन ठिकाणी घाला, एकाच ठिकाणी घातला तर कलंडेल. आणि पाय काढल्याशिवाय उचलू नका. फोटो राहिला.

खेर्डीचा_फिटर
आमचं ऐकायचंच नव्हतं तर विचारलं कशाला. असो. तुळई ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर नाद सोडा.

बागायतदार_हर्णै
गाडी खालीच ठेवणार असाल तर विकता का? २००० देतो, मला सील बदलून चालेल.

खेर्डीचा_फिटर
सुपारीवाडी, मी २५०० देतो, उद्या टेम्पो गुहागरला येतोच आहे.