तासगावच्या आजीला काय झालं होतं?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं दोन दिवसांचं बोलणं आत्याला विचारून टाकतेय. ती म्हणाली, टाक, फक्त नावं काढ. म्हणून माझ्या मोबाईलमध्ये जी जशी सेव्ह आहेत तशीच ठेवलीत. आम्ही सांगलीत विश्रामबागला, तात्या-काकी तिथंच गावभागात, त्यांची सून म्हणजे आमची वहिनी मिरजेत नर्स. मधले गुड मॉर्निंगचे फोटो आणि गॅस सिलिंडरची भांडणं गाळलीत.

*बुधवार, रात्री*

आत्या: रिपोर्ट आला. स्तनातली गाठ कॅन्सरचीच आहे. खाली लिहिलंय ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. डॉक्टर शुक्रवारी बोलणार. आत्ता कुणी फोन करू नका, रडायला येतं. लिहायचं तर लिहा.

काकी: तिन्ही निगेटिव्ह म्हणजे चांगलंच की गं! गणपती पावला.

वहिनी: नाही हो आई, इथल्या निगेटिव्हचा अर्थ वेगळा. गाठीच्या पेशींवर तीन खुणा शोधतात, दोन हार्मोनच्या आणि हर-टू ही तिसरी. यातलं एखादं पॉझिटिव्ह असतं तर त्यावर चालणारी खास औषधं देता येतात, हार्मोनच्या गोळ्या वगैरे. तिन्ही निगेटिव्ह असलं की ती वाट बंद, भिस्त केमोवर जास्त. पण आत्या, अशा गाठी केमोला बऱ्याचदा चांगल्या विरघळतात, हेही खरं. धीर सोडू नका.

तात्या: आईला झाला. आता हिला. आपल्या रक्तातच हाय ते. कुणी काय करणार?

काकी: (फॉरवर्ड) रोज पहाटे कोमट पाण्यात चमचाभर हळद घ्या, कॅन्सर जवळही फिरकणार नाही. दहा जणांना पाठवा.

बाबा: (काकीला) वहिनी, आपण सांगलीचे. असं असतं तर मार्केट यार्डातल्या हमालांना कधी कॅन्सर झालाच नसता. दिवसभर नाकातोंडात हळदच असते त्यांच्या.

मी: पण वहिनी, तात्या म्हणतात ते खरंय का? रक्तातून येतो?

वहिनी: कधी कधी. शंभर पेशंट घेतले तर पाच ते दहा जणांत आईबापाकडून आलेला जीनमधला दोष सापडतो. बाकीच्यांत नाही. त्यामुळे घरात दोघांना झाला म्हणजे घराण्यातच आहे असं नसतं. कुणाला झाला, कुठला झाला, कितव्या वर्षी झाला, हे बघावं लागतं. आजींना गालाचा झाला होता ना?

बाबा: हो, उजव्या गालाचा. तिथंच तर मिशेरी धरायची ती. डालड्याचा पिवळा डबा होता तिचा, झाकणावर 'चहा' लिहिलेला, म्हणजे पाहुण्यांना कळू नये. महिन्यातून एकदा तव्यावर तंबाखू भाजायची. सगळा वाडा खोकत असायचा. मग ती काळी पूड वरवंट्यानं बारीक करायची. सकाळी मोरीपाशी बसली की अर्धा तास उठायची नाही. डाव्या हाताचं बोट कायम काळं.

आत्या: आणि मला म्हणायची, दात दुखतोय ना, लाव जरा. सातवीत होते मी. दोन-तीन वर्षं लावली, मग कॉलेजात लाजेनं सोडली.

वहिनी: मग झालं तर. आजींचा कॅन्सर त्या डब्यातून आला. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालतं ते सगळंच रक्तातून येत नाही, काही डब्यातूनही येतं. तो आत्यांच्या गाठीशी जोडू नका. आजी लग्न करून या घरात आलेल्या, आता आजोबांची बाजू सांगा. त्यांच्या बहिणी, आत्या, चुलत्या. कुणाला छातीचा किंवा पोटाचा?

तात्या: आमच्या अण्णांना असलं काही नव्हतं. हार्ट अ‍ॅटॅकनं गेले. आणि बायकांचा आजार बापाकडून कसा येईल? काहीतरीच.

वहिनी: येतो, तात्या. बीआरसीए नावाचे दोन जीन आहेत, एक आणि दोन. ते सगळ्यांत असतात, पुरुषांतही. त्यात दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पुरुषाला स्वतःला काही न होता तो हा दोष मुलीला देऊ शकतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला यायची शक्यता निम्मी. दवाखान्यात सगळे "आईला होता का" एवढंच विचारतात आणि बापाकडचं राहून जातं.

तात्या: हे बघा, हा विषय ग्रुपवर नको. रविवारी चिंगीला बघायला पाहुणे यायचेत. "त्यांच्या घरात कॅन्सर हाय" एवढं कुणाच्या कानावर गेलं की संपलं.

चिंगी (तात्यांची): तात्या, पाहुणे या ग्रुपवर नाहीत.

तात्या: तू गप.

आत्या: दादा, मला गाठ झालीय, मी चोरी केलेली नाही.

(यानंतर तात्यांनी एक मेसेज टाकून डिलीट केला. काय होता ते कुणीच विचारलं नाही.)

*गुरुवार, सकाळी*

वहिनी: रात्री लिहायचं राहिलं. आत्यांचं वय ४३ आणि तिन्ही निगेटिव्ह, एवढ्यावरच जीनची तपासणी करून घ्या असं डॉक्टर सांगतात. रक्त किंवा थुंकी, बस. उपयोग आधी आत्यांनाच आहे. दोष निघाला तर काही वेळा केमोनंतर देण्याच्या वेगळ्या गोळ्या असतात, आणि ऑपरेशन कितपत करायचं हेही ठरवता येतं. मात्र पहिली तपासणी आजारी माणसाचीच करायची. आपण धडधाकट लोक उठून आधी करून आलो आणि निगेटिव्ह निघालो तर त्यातून फारसं काही कळत नाही, कारण काय शोधायचं तेच माहीत नसतं.

सोनू (आत्याची): आईचं पॉझिटिव्ह आलं तर मला होणारच का?

वहिनी: नाही गं. आधी तुझ्यात तो आलाय का, हेच अर्धं अर्धं. आलाच असला तरी होणारच असं नाही. बीआरसीए-एकमध्ये दोष असलेल्या शंभर बायकांत ८० वर्षांपर्यंत साधारण ७० जणींना स्तनाचा होतो, अंडाशयाचा ४० ते ४५ जणींना. आकडा मोठा आहे, खोटं कशाला सांगू. पण ज्यांना आधी कळतं त्यांच्यासाठी करण्यासारखंही बरंच असतं. पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, तिशीनंतर मॅमोग्राफीही. मुलंबाळं झाली की पस्तिशी-चाळिशीत अंडाशय काढून टाकतात, कारण त्याचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही. काही जणी स्तनही काढून घेतात, त्यानं तिथला धोका ९० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. अँजेलिना जोली या नटीनं २०१३ मध्ये हेच केलं आणि जगाला सांगितलं. तू १९ची आहेस, आज तुला काहीच करायचं नाही. परीक्षा दे.

सोनू: ओके. थँक्यू वहिनी.

काकी: अगोबाई, चांगलं अंग कापून टाकायचं?

वहिनी: सक्ती नसते, आई. ज्याची त्याची मर्जी. आणि तात्या, चिंगीच्या काळजीनं तुम्ही विषय बंद करताय, पण उलटं बघा. आत्यांचं पॉझिटिव्ह आलं आणि तुमची तपासणी निगेटिव्ह आली, तर तो दोष तुमच्या मुलांत तुमच्याकडून येऊच शकत नाही. चिंगीचा प्रश्न तिथंच मिटला. झाकून ठेवलं तर जन्मभर "असेल का, असेल का" करत बसायचं.

(तात्यांच्या दोन निळ्या टिका. उत्तर नाही.)

बाबा: आणि आम्ही बाकीच्यांनी काय करायचं? शनिवारची माझी दोन पेगची मैफल...

वहिनी: काका, विचारलंत म्हणून सांगते. दारूही कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत तंबाखूच्याच ओळीत आहे, आणि स्तनाच्या कॅन्सरशीही तिचा संबंध आहे. घरच्या बायकांना आग्रह करू नका आणि स्वतःचीही आवरा. बायकांनी पाळी गेल्यावर वजन वाढू द्यायचं नाही, रोज चालायचं. आणि आई, तुम्ही गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आजवर एकदाही केलेली नाही, मला माहितीये. तो कॅन्सर रक्तातून नाही, एचपीव्ही विषाणूतून होतो. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखावर बायकांवर अभ्यास झाला होता, २००९ मध्ये छापून आला. एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा केली, तरी त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्यावर आले. सोनू, तुझी लस राहिलीय. पंधराच्या आत दोन डोस पुरतात, आता तीन घ्यावे लागतील.

काकी: बघू. श्रावण होऊ दे.

*गुरुवार, रात्री*

तात्या: (व्हॉइस मेसेज, चिंगीनं लिहून काढला) "तासगावला फोन केला होता. अण्णांची धाकटी बहीण, तासगावची आत्या. आपण पोरं म्हणायचो ना, पोटात पाणी होऊन गेली. जलोदर म्हणायचे. तिच्या थोरल्यानं जुनी पिशवी काढली कागदांची. मिरजेचा कागद हाय १९८९चा. पोटातलं पाणी काढलेलं आणि खाली लिहिलंय ओव्हरीची गाठ. वय ४८. त्यानं मला वाचून दाखवलं. मला तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं. असो."

आत्या: दादा...

वहिनी: तात्या, यापेक्षा महत्त्वाचा कागद नाही. आजोबांची बहीण, अंडाशय, ४८. आजोबांची मुलगी, स्तन, ४३. मधल्या आजोबांना कॅन्सर नाही. दोष आहेच असं म्हणत नाही, ते रक्तच सांगेल. पण उद्या डॉक्टरांकडे जाताना त्या कागदाचा फोटो न्यायचा. आत्या, एका कोऱ्या कागदावर सगळ्यांची वंशावळ काढा. कुणाला काय, कितव्या वर्षी. नाव नाही आठवलं तर नुसतं "बहीण" लिहा.

बाबा: मी काढतो. रेघा मारायला मला येतं.

तात्या: तासगावच्या पोरींनाही सांगावं लागेल मग.

वहिनी: रिपोर्ट आला की.

दाद्या (चिंगीचा भाऊ): हे सगळं बायकांचंच चाललंय. आपण सुटलो.

वहिनी: भावजी, पहिली गोष्ट, पुरुषांतही त्या जीनमध्ये दोष असला तर प्रोस्टेटचा धोका वाढतो, क्वचित छातीचाही. दुसरी गोष्ट, तुमच्या खिशात काय असतं ते अख्ख्या गावभागाला माहितीये.

दाद्या: मावा म्हणजे काय गुटखा नव्हे वहिनी. सुपारीच जास्त असते.

वहिनी: सुपारी एकटीच पुरते कॅन्सरला, तंबाखू नसली तरी. आणि मावा म्हणजे आजींच्या डब्याचीच पुढची पिढी. घरात वारशानं काय चाललंय ते हे. आता एक करा. आरशासमोर उभे राहा, तोंड पूर्ण उघडा, स्वतःच्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी दातांमध्ये घालून बघा. जातात का?

(सहा मिनिटं कुणाचाच मेसेज नाही.)

दाद्या: दोन जातात.

दाद्या: तिसरं ओढून घातलं तर गालाला कळ येते.

वहिनी: गालाला आतून बोट लावा. मऊ लागतं की दोरीसारखं?

दाद्या: दोरीसारखं. चार-पाच महिन्यांपासून तिखट झोंबतंय. मला वाटलं दाताचं काहीतरी.

वहिनी: उद्या सकाळी नऊला मिरजेत या. मी ओपीडीच्या दारात थांबते. रिकाम्या खिशानं या.

तात्या: मी घेऊन येतो त्याला. आणि सूनबाई, माझं रक्त कधी द्यायचं ते पण त्या डॉक्टरांना विचारून ठेव.

वहिनी: तुमचं नंतर, तात्या. आधी आत्यांचं.

काकी: मीपण येऊ का बरोबर? येतेच आहे तर माझं ते तपासून होईल.