शब्दचर्चा : ‘ओपन ॲक्सेस’ला काय म्हणायचं?

बागायतदार, तासगाव
द्राक्षावरच्या दावण्या रोगावर एक चांगला इंग्रजी शोधनिबंध सापडलाय. गटातल्या शेतकऱ्यांसाठी मराठीत करतोय. निबंधाच्या माथ्यावर ‘ओपन ॲक्सेस’ असं लिहिलंय, म्हणजे कुणालाही पैसे न भरता वाचता येतो. मी ‘मुक्त प्रवेश’ लिहून वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “कुठल्या कॉलेजात रे?” ‘खुला प्रवेश’ केलं, तर पुतणी म्हणते, “ओपन कॅटेगरीची सीट का, काका?” आता ‘मोफत’ लिहून मोकळा होऊ का?

कृष्णाकाठ, सांगली
ओपन ॲक्सेसच ठेवा की. ‘डाऊनी’चं आपण दावण्या केलंच ना? या रोगाचं पुस्तकी नाव ‘केवडा’, ते पुस्तकातच राहिलं. बागेत कोण म्हणतंय केवडा?

हरिपूरकर
मोफत मात्र नको. त्यात फक्त पैशाची बाजू येते. 2002 साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात या संकल्पनेची व्याख्या झाली. वाचण्याबरोबर उतरवून घेणं, प्रती काढणं, वाटणं हेही त्यात आलं. लेखकाचं नाव द्यायचं आणि त्याच्या लिखाणाची मोडतोड करायची नाही, एवढंच पथ्य.

कपाटाची किल्ली, विटा
ग्रंथालयात शब्द जुनाच आहे : मुक्तद्वार. आधी वाचकानं चिठ्ठी द्यायची आणि शिपायानं पुस्तक आणून द्यायचं. पुढे वाचकाला थेट कपाटापाशी जाऊ दिलं, ती मुक्तद्वार पद्धत. इंग्रजीत तिलाही ओपन ॲक्सेसच म्हणत.

शिवाय मुक्तद्वार म्हटलं की जेवणावळ आठवते. येईल त्याला पान. जेवणारा पैसे देत नाही, पण शिधा कुणीतरी भरलेलाच असतो. इथे पुष्कळदा लेखक किंवा त्याची संस्था भरते, शुल्काच्या रूपानं. सगळीकडे तसं नाही. भौतिकशास्त्रवाल्यांचं ‘आर्काइव्ह’ हे निबंधांचं ऑनलाइन भांडार 1991 पासून चाललंय, तिथे लेखकाकडूनही पैसे घेत नाहीत आणि वाचकाकडूनही नाहीत.

कृष्णाकाठ, सांगली
ताई, शब्द आवडला. मग सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मुक्तद्वार म्हणायची का? तिच्यात संशोधन नियतकालिकांची वर्गणी सरकारच भरतं. तीन वर्षांना 6,000 कोटी रुपये आहेत.

कपाटाची किल्ली, विटा
नाही. ती आमंत्रितांची पंगत. सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं, संशोधन संस्था यांना पान आहे. तासगावच्या बागायतदाराला नाही.

हरिपूरकर
लेखकाकडून शुल्क घ्यायची सोय झाल्यापासून बोगस नियतकालिकांचं पेव फुटलंय, तेही लक्षात असू द्या. पैसे भरा, की चार दिवसांत छापून मोकळे. (आमच्या हरिपुरात पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आधी कंदील सोडून हवा बघतात. फुकट मिळालेल्या निबंधालाही हा नियम लावावा.)

बागायतदार, तासगाव
‘मुक्तद्वार’ पक्कं. वडिलांना विचारलं, “मुक्तद्वार निबंध म्हणजे?” म्हणाले, “कुणीही वाचावा असा.” एका दमात.

कपाटाची किल्ली, विटा
दादा, निबंधाच्या तळाशी परवान्याची बारीक ओळ असेल, ती काय आहे?

बागायतदार, तासगाव
‘सीसी बाय-एनसी-एनडी’.

कपाटाची किल्ली, विटा
मग थांबा. ‘सीसी’ म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स हा परवाना, ‘बाय’ म्हणजे नाव द्या, ‘एनसी’ म्हणजे धंदा करू नका. अडतंय ते ‘एनडी’पाशी. त्यानं आहे तसा निबंध वाटता येतो, बदलून वाटता येत नाही, आणि भाषांतर हा बदलच धरतात. पानावर बसवलं, पण घरी डबा न्यायचा नाही, तशातली गत. नुसतं ‘सीसी बाय’ असतं तर प्रश्नच नव्हता.

बागायतदार, तासगाव
अरे देवा. नऊ पानं झाली होती माझी.

कपाटाची किल्ली, विटा
वाया नाही जायची. हक्क कुणाकडे आहेत ते पहिल्या पानावर बघा आणि त्यांना परवानगीची मेल टाका. तोवर निबंधातला मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडा, खाली मूळ निबंधाचा दुवा द्या. निष्कर्ष सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

बागायतदार, तासगाव
मेल टाकली. पत्रकाला आता ‘भाषांतर’ न म्हणता ‘सार’ म्हणतोय. फवारणीचा तक्ता मात्र माझ्याच बागेतला घालतो.