गाडलेली मढी उकरून कर्करोग हटेल?

शेवंती: आपल्या डीएनएचा साधारण ८ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसांचा, म्हणजे आपली जनुकं यजमानाच्या डीएनएत घुसवणाऱ्या विषाणूंचा. हीच ती गाडलेली मढी. लाखो वर्षांपूर्वी पूर्वजांच्या बीजपेशींत घुसले ते घुसलेच. निरोगी पेशी त्यांतल्या बहुतेकांना दाबून ठेवते, कर्करोगात तो पहारा ढिला पडतो. २०२३ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की फुप्फुसाच्या कर्करोगात रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या बी पेशी या विषाणूंच्या आवरण-प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात आणि इम्युनोथेरपीला (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणाऱ्या उपचाराला) बळ देतात. माझं मत विचाराल तर दर रुग्णाची गाठ वाचून वेगळी लस बनवण्यापेक्षा पैसा या विषाणूंच्या प्रथिनाविरुद्धच्या लशीत घालावा. गाठीतली उत्परिवर्तनं (जनुकांतले बदल) बहुतेक ज्याची त्याची, हे लक्ष्य अनेकांत सामाईक.

काथ्याकूट: त्या अभ्यासात प्रतिपिंडांमुळे आयुष्य वाढलं ते उंदरांचं! माणसांत दिसला तो नुसता संबंध. आणि ज्यांना मढी म्हणताय त्यातली काही चांगली कामावर आहेत. वार तयार होताना पेशी एकमेकींत मिसळवणारं सिन्सिटिन अशाच विषाणूचं आवरण-प्रथिन. ल्युपस या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराच्या रुग्णांतही एचईआरव्ही-के (माणसाच्या डीएनएतल्या या विषाणूंचं के कुळ) विरुद्ध प्रतिपिंडं सापडतात. लस टोचून हे विकतचं दुखणं कशाला?

शेवंती: सिन्सिटिन डब्ल्यू कुळातलं, फुप्फुसातलं लक्ष्य के कुळातलं. सगळ्यांना एका पंगतीत बसवू नका. ल्युपसची भीती मात्र रास्त आहे, चाचणीत त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागेल.

निशाचर: उंदीरच कशाला? २००८ चा मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा शोधनिबंध बघा. रोग शरीरभर पसरलेल्या रुग्णाला दात्याच्या मूलपेशी दिल्या आणि गाठी आक्रसल्या. मग त्याच्या रक्तात अशा टी पेशी (रोगट पेशी मारणाऱ्या प्रतिकारक पेशी) मिळाल्या ज्या एचईआरव्ही-ई, म्हणजे ई कुळातल्या विषाणूचा तुकडा ओळखून गाठीच्या पेशी मारत होत्या. या प्रकारच्या कर्करोगात व्हीएचएल नावाचं जनुक बिघडतं, म्हणून तो विषाणू जागा होतो. निरोगी मूत्रपिंडात तो गप्पच. पुढे अमेरिकेत त्या टी पेशींचा ग्राहक-रेणू (लक्ष्य ओळखणारा रेणू) वापरून उपचाराची चाचणीही सुरू झाली.

काथ्याकूट: आणि त्या चाचणीत प्रवेश कोणाला? एचएलए-ए-११ ऊतकगट असेल त्यालाच. (एचएलए म्हणजे टी पेशींना प्रथिनांचे तुकडे दाखवणारे, माणसागणिक वेगळे असणारे रेणू.) एका अवयवाच्या कर्करोगाचा एक उपप्रकार, त्यातही ठरावीक ऊतकगट. शेवंतीताई, तुमचं ‘सामाईक’ कुठे राहिलं?

शेवंती: ऊतकगटाची अट टी पेशींना. प्रतिपिंड पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन थेट धरतं, त्याला एचएलए लागत नाही. मी सुरुवातीलाच बी पेशींचं नाव घेतलं ते उगाच नाही.