पत्राचा मसुदा: नव्या नर्सेसना टॅक्स क्रेडिट (गुरुवारच्या आत!)

अनघा, सोमवार रात्री

मंडळी, आपल्या मंडळाच्या आरोग्य समितीच्या पत्राचा मसुदा जोडलाय. गुरुवारी संध्याकाळी ५ च्या आत राज्याच्या विधिमंडळातल्या प्रतिनिधींच्या ऑफिसला पोचला नाही, तर सुनावणीच्या कागदांत लागणार नाही. मागच्या वेळसारखे शेवटच्या रात्री स्वल्पविराम नकोत.

घोडं अडलंय परिच्छेद ३ वर: "नव्याने लायसन्स मिळालेल्या आरएनला (नोंदणीकृत नर्सला) पहिल्या वर्षी ३,००० डॉलरची करसवलत." ऑफिसने विचारलंय, सवलत म्हणजे नक्की काय? शिरीषदादा, एक ओळ लिहून द्या ना.

शिरीष, सोमवार रात्री

एका ओळीत भागणार नाही. डिडक्शन (करपात्र उत्पन्नातून वजावट) म्हणत असाल तर राज्याचा दर ५ टक्के धरून ३,००० च्या वजावटीने वाचतात १५० डॉलर. तेवढ्यासाठी कोणी नर्सिंगला येणार नाही. जॉर्जिया राज्याने प्रिसेप्टरसाठी (विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामावर शिकवणाऱ्यांसाठी) २०१४ मध्ये हेच केलं होतं: एका रोटेशनला (प्रशिक्षणाच्या फेरीला) १,००० डॉलरचं डिडक्शन, म्हणजे हातात साधारण ६० डॉलर. शेवटी २०१९ मध्ये कायदा बदलून क्रेडिट (थेट करातूनच सूट) आणावं लागलं.

बरं, क्रेडिट लिहिलंत तरी "पहिल्या वर्षी" ही मेख आहे. मुलगी मे महिन्यात पास होते, जुलैत एनसीएलईएक्स (लायसन्सची परीक्षा), ऑगस्टमध्ये ओरिएंटेशन. डिसेंबरपर्यंत समजा ३२,००० पगार हातात आला. स्टँडर्ड डिडक्शन १२,००० धरा. उरले २०,०००, त्यावर कर १,०००. क्रेडिट ३,००० चं, पण रिफंडेबल नाही, म्हणजे करापेक्षा जास्तीचं परत मिळत नाही. मग २,००० गेले पाण्यात.

उपाय तीन. रिफंडेबल करा (खर्चाचा आकडा फुगतो, समिती नाही म्हणेल). उरलेली रक्कम ५ वर्षं पुढे नेऊ द्या. किंवा दरवर्षी १,००० असं तीन वर्षं द्या. माझं मत तिसऱ्याला, कारण त्यात नर्स टिकण्यालाही पैसे मिळतात.

आणि "आठवड्याला ४० तास" ही अट कोणी घातली? हॉस्पिटलात १२ तासांच्या तीन शिफ्ट म्हणजे ३६ तास, तेच फुलटाइम. या अटीने वॉर्डातल्या बहुतेक सगळ्याच नर्स बाद होतील. वर्षाचे तास लिहा, १,६०० म्हणा. म्हणजे कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेली तरी थोडी सवड राहते. पुरावा म्हणून एम्प्लॉयरचा दाखला पुरे.

विदुला, मंगळवार सकाळी

शिरीष, गणित बरोबर, पण दार चुकीचं ठोठावताय. यायला मुली तयार आहेत, बसायला जागा नाही. एएसीएनचा (नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेचा) २०२३ चा आकडा बघा: पात्र असूनही नाकारलेले अर्ज ६५,७६६. (अर्ज, माणसं नव्हेत, एकजण चार ठिकाणी अर्ज करते. वर्तमानपत्रवाले हे दरवेळी चुकवतात, आपण चुकवू नये.) क्लिनिकलला (हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाला) एका इन्स्ट्रक्टरमागे बऱ्याच ठिकाणी ८ ते १० विद्यार्थी, त्यावर नर्सिंग बोर्ड परवानगी देत नाही. इन्स्ट्रक्टरला सहसा एमएसएन (नर्सिंगची मास्टर्स) लागतं, आणि एमएसएन झालेली बाई नर्स प्रॅक्टिशनर (स्वतः रुग्ण तपासून औषध देणारी नर्स) होऊन जास्त कमावते. ती कॉलेजात का येईल? क्रेडिट शिकवणाऱ्यांना द्या.

परिच्छेद ५ (प्रिसेप्टरना क्रेडिट) जॉर्जियाच्या कायद्यावरून उचललेला दिसतो. तिथलं क्रेडिट डॉक्टर, एपीआरएन (नर्स प्रॅक्टिशनरसारख्या उच्चशिक्षित नर्स) आणि पीए (फिजिशियन असिस्टंट) प्रिसेप्टरना आहे: एपीआरएनला पहिल्या तीन रोटेशनना ३७५, मग दहाव्यापर्यंत ७५०, एक रोटेशन १६० तासांचं, आणि त्या शिकवण्याचा मोबदला घेतलेला नसावा. म्हणजे त्यातून तयार होतात डॉक्टर, पीए आणि नर्स प्रॅक्टिशनर. वॉर्डात बीएसएनच्या (नर्सिंगच्या पदवीच्या) शेवटच्या सेमिस्टरची मुलगी ज्या आरएनच्या मागे फिरते, तिला यातून छदामही नाही. "लायसन्स नसलेल्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या आरएन" हे शब्द घाला आणि तास कमी करा. हवाईत ८० तासांना १,००० आहेत, वर्षाला कमाल ५,०००.

माधव (खजिनदार), मंगळवार दुपारी

हे पत्र मंडळाच्या लेटरहेडवर जाणार असेल, तर आधी कार्यकारिणीची मंजुरी. आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहोत. राजकारण चालत नाही हे दरवर्षी सांगतो.

शिरीष, मंगळवार दुपारी

माधवकाका, उमेदवाराचा प्रचार अजिबात चालत नाही. विधेयकाबद्दल लॉबिंग मर्यादेत चालतं. फॉर्म ५७६८ भरून ५०१(एच) (लॉबिंगची खर्चावरून ठरणारी मर्यादा) निवडलं की पहिल्या ५ लाख डॉलर खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. आपला खर्च ४०,००० असला तर ८,०००. स्वयंसेवकांचा वेळ त्यात धरत नाहीत. एका पत्राला खर्च येतो टपालाचा.

माधव (खजिनदार), मंगळवार संध्याकाळी

फॉर्म भरलाय का?

शिरीष, मंगळवार संध्याकाळी

नाही. आर्थिक वर्ष संपायच्या आत भरला की त्या पूर्ण वर्षाला लागू होतो. एकच पथ्य: फेसबुकवर "आमदारांना फोन करा" असं जाहीर आवाहन टाकू नका. ते ग्रासरूट्समध्ये (जनतेकरवी केलेल्या लॉबिंगमध्ये) मोडतं, त्याची मर्यादा एकूण मर्यादेच्या पाव हिश्श्याची. सभासदांना ईमेल चालेल.

मानसी, मंगळवार रात्री

पत्राशी संबंध नाही, पण इथे जाणकार आहेत म्हणून. भारतातलं बीएस्सी झालेलं, एच-४ (नवऱ्याच्या नोकरीवरच्या) व्हिसावर, आता ॲक्सिलरेटेड बीएसएन. शिक्षणासाठीचं वर्षाला २,५०० वालं फेडरल क्रेडिट मिळेल ना?

शिरीष, मंगळवार रात्री

बहुधा नाही. ते अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट पहिल्या चार वर्षांच्या कॉलेजसाठी आहे. आधीची पदवी कॉलेजने चार वर्षांइतकी धरली असेल तर तो दरवाजा बंद. उरतं लाइफटाइम लर्निंग क्रेडिट: १०,००० पर्यंतच्या फीवर २० टक्के, म्हणजे कमाल २,०००, रिफंडेबल नाही, आणि जोडप्याचं उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की कमी होत १,८०,००० ला शून्य. पुस्तकं आणि युनिफॉर्मचे पैसे कॉलेजलाच सक्तीने भरावे लागले असतील तरच धरायचे. आणि २०२६ पासून सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, नुसता आयटीआयएन (कर भरण्यापुरता नंबर) असेल तर विसरा. पुढे हॉस्पिटल फी देणार असेल तर वर्षाला ५,२५० पर्यंत करमुक्त, ते मात्र जरूर विचारा.

विदुला, बुधवार सकाळी

मानसीवरून आठवलं. क्रेडिटऐवजी कर्जफेड मागितली तर? नर्स कोअरमध्ये (नर्सेससाठीच्या फेडरल कर्जफेड योजनेत) दोन वर्षांत ६० टक्के कर्ज फिटतं, पण ती रक्कम करपात्र, त्यातून फेडरल टॅक्स आधीच कापतात. एनएचएससी या दुसऱ्या फेडरल योजनेची रक्कम करमुक्त. राज्याने कमतरतेच्या भागासाठी कर्जफेड योजना काढली, तर २०१० च्या कायद्याने तीही फेडरल करातून सुटते. तेवढाच खर्च करून नर्सच्या हातात जास्त पडेल.

माधव (खजिनदार), बुधवार दुपारी

विषयपत्रिकेत हे नव्हतं. एका पत्रात एकच मागणी असावी.

अनघा, बुधवार रात्री

ठरलं ते असं: परिच्छेद ३ मध्ये १,००० प्रमाणे तीन वर्षं, १,६०० तास, उरलेलं पुढे नेता येईल. परिच्छेद ५ मध्ये विदुलाताईंची आरएनवाली ओळ, ८० तास. कर्जफेड वगळली, ताई, त्यावर स्वतंत्र पत्र तुम्हीच लिहा. कार्यकारिणीतल्या पाचांनी होकार दिलाय, माधवकाकांचा राहिलाय. काका, उद्या दुपारी २ पर्यंत कळवा, नाहीतर लेटरहेडशिवाय आरोग्य समितीतल्यांच्या वैयक्तिक सह्यांनी पाठवते.

माधव (खजिनदार), बुधवार रात्री

होकार. फॉर्म ५७६८ ची प्रत मला हवी.